कोवळ्या हाडाची साक्ष

वकिलीच्या व्यवसायात वीस वर्षे घालविल्यावर एक अनुभव पक्का होतो. ज्यास मार बसला आहे तोच कठड्यात उभा राहून ‘मला काही झाले नाही’ असे सांगतो, असे साक्षीदार दर वर्षी दोन-चार तरी भेटतातच. कुणास घर मोडण्याचे भय असते, कुणास चाकरी जाण्याचे. गेल्या वर्षी असा एक साक्षीदार मला न्यायालयात नव्हे, तर माझ्या बहिणीच्या घरच्या ओसरीवर भेटला. आणि त्याचे वय अवघे तेरा वर्षांचे होते.

हा माझा भाचा. फोंड्याजवळच्या त्यांच्या गावी देवळाच्या अग्रशाळेमागे जी मोकळी जागा आहे, तेथे तो लहानपणापासून चेंडू टाकीत आला आहे. दिवाळीच्या सुटीत तो पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावून उतरतो, हे बहिणीच्या ध्यानात आले. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी, सुपारीएवढा उंचवटा आला होता आणि त्यास तो बोट लावू देत नव्हता. आजीने सांगितले, ‘वाढीचे दुखणे आहे, तेल चोळा.’ त्याच्या क्रिकेट-शिबिरातील शिक्षकांनी सांगितले, ‘दुखल्यावाचून कोणी गोलंदाज होत नाही.’ मी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘काही नाही मामा, थोडे आखडले आहे.’ आणि मग आसपास कोणी नाही असे पाहून हळूच पुस्ती जोडली, ‘आईला सांगू नका. आता बसलो तर संघातून नाव जाईल.’

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, चार प्रश्न विचारले आणि दुखण्याचे नाव सांगितले: ऑस्गुड-श्लॅटर. जोडनाव ऐकले की वकिलाचे कुतूहल जागे होते. हे दोन पक्षकार कोण, हे जाणून घेतल्यावाचून त्यास चैन पडत नाही. त्या कुतूहलापोटी जे वाचन झाले, त्याचा हा वृत्तांत आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. स्नायू ज्या पांढऱ्या, चिवट दोरीने हाडाला बांधलेला असतो, तिला आपल्या वैद्यकात कंडरा म्हणतात. सुश्रुताने शरीरात सोळा कंडरा मोजल्या आहेत. त्यांपैकी चार पायांत, चार हातांत, चार मानेत व चार पाठीत. आधुनिक शरीरशास्त्राची मोजणी अर्थातच निराळी आहे. परंतु ओढ सहन करणारा हा अवयव वेगळा ओळखून त्याची गणना करावी, हे त्या प्राचीन शल्यवैद्यास सुचले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मोजणे हा शब्द या वृत्तांतात पुनःपुन्हा येणार आहे.

एकच हालचाल हजारो वेळा केल्याने अवयव झिजतो, हे प्रथम कारागिरांच्या आणि लेखनिकांच्या बाबतीत ध्यानात आले. इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या हाताच्या व्याधीचे वर्णन केले. आमच्या व्यवसायाचा सारा डोलारा ज्यांच्या बोटांवर उभा राहिला, त्या कारकुनांचीच ही व्याधी होय. पुढे १८७३ साली रुंगे या जर्मन डॉक्टराने कोपराच्या बाहेरील अंगास होणाऱ्या वेदनेचे वर्णन केले, तेही लिहिणाऱ्यांच्या संदर्भातच. त्यानंतर नऊ वर्षांनी हेन्री मॉरिस यांनी लंडनच्या ‘लान्सेट’ पत्रात तशाच एका दुखण्यास टेनिस खेळणाऱ्यांचा हात म्हटले, आणि लेखनिकाची व्याधी खेळाडूच्या नावावर चढली. परंतु कारकून असो की टेनिसपटू, ही सर्व प्रौढ माणसे. मुलास असे काही होत असेल, हा विचार अजून कुणाच्या मनात आलेला दिसत नाही. मुलाचे दुखणे म्हणजे वाढीचे दुखणे, हा निकाल आपल्या आजीबाईंइतकाच युरोपातही कायम होता.

तो निकाल फिरविण्यास नवा पुरावा लागला. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाचे हाड प्रथमच डोळ्यांना दिसू लागले. पुढील आठ वर्षांतच, १९०३ साली, अमेरिकेतील बोस्टन शहरी रॉबर्ट ऑस्गुड यांनी आणि स्वित्झर्लंडमधील झ्युरिक शहरी कार्ल श्लॅटर यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, वाढत्या वयातील मुलांच्या नडगीवरील याच उंचवट्याचे वर्णन प्रसिद्ध केले. (श्लॅटर यांचे नाव त्यापूर्वीच गाजले होते, १८९७ साली माणसाचे संपूर्ण जठर काढून रोगी जगविणारे पहिले शल्यवैद्य तेच.) ऑस्गुड यांचे म्हणणे असे की, मांडीचा बलवान स्नायू आपल्या कंडरेच्या द्वारा नडगीच्या ज्या टोकाला ओढतो, ते टोक या वयात पक्के झालेले नसते, खेळकर मुलाच्या वारंवार ओढीने ते थोडेथोडे सुटू लागते.

येथे या विषयाचे मर्म आहे. प्रौढ माणसात कंडरा पक्क्या हाडाला बांधलेली असते, म्हणून अति ओढ झाली तर कंडरा झिजते. मुलात हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. हाड तेथूनच वाढते. ती कंडरेहून दुबळी असते. दोरी मजबूत आणि खुंटी ओल्या मातीत, अशी ही स्थिती. त्यातच हाड झपाट्याने लांबू लागले की स्नायू व कंडरा मागे पडून दोरी अधिकच ताणली जाते. एकदा हे कळल्यावर शरीरात इतरत्रही अशा खुंट्या सापडू लागल्या. १९१२ साली सेव्हर यांनी टाचेच्या हाडातील असाच विकार सांगितला. १९२१ साली नॉर्वेचे सिंडिंग-लार्सेन व १९२२ साली स्वीडनचे योहान्सन यांनी गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाचा सांगितला. डॉक्टरांची नावे हाडांना मिळाली; परंतु मुलांना त्यापासून लाभ थोडा झाला. दुखणे आले की विश्रांती द्यावी, एवढाच उपाय होता. ते येऊ नये म्हणून मुलाने किती खेळावे, हे कोणी सांगितले नाही. कारण किती खेळले जाते, हेच कोणी मोजले नव्हते.

१९०३ हे साल वाचताना मी मध्येच थांबलो. त्याच वर्षी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या कलकत्त्याच्या प्रकरणात निर्णय दिला, जो विधिमहाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात प्रत्येकास पाठ करावा लागतो. एका अज्ञान मुलाने सावकाराकडे घर गहाण टाकले होते. तो अज्ञान आहे याची कल्पना सावकाराच्या मुखत्यारास होती. न्यायमूर्तींनी ठरविले की १८७२ च्या करार-अधिनियमाखाली अज्ञानाचा करार केवळ टाळता येण्याजोगा नव्हे, तर मुळातच शून्य आहे. मुलाने राजीखुशीने सही केली होती, हा बचाव तेथे चालत नाही. कारण ज्याचे हित कशात आहे हे ज्यास कळण्याचे वय नाही, त्याच्या राजीखुशीस कायदा राजीखुशी मानीतच नाही. त्या दोन डॉक्टरांचे व या न्यायमूर्तींचे एकमेकांशी काही नाते नाही. एका सालात आले, इतकेच. परंतु ‘मामा, मला काही झालेले नाही’ हे माझ्या भाच्याचे वाक्य कोणत्या सदरात जमा करावे, हे मला त्या दिवशी समजले.

आता अमेरिकेकडे वळू. कारण मोजणीचा प्रश्न जेथे खरोखर लढविला गेला, ते ठिकाण म्हणजे तेथील मुलांचा बेसबॉल. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट गावी कार्ल स्टॉट्झ यांनी लहान मुलांसाठी ‘लिटल लीग’ सुरू केली. पाहता पाहता ती देशभर पसरली आणि १९४७ पासून तिची अजिंक्यपदाची स्पर्धाही भरू लागली. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: यात पिचर नावाचा एक खेळाडू उभ्या जागेवरून सारे बळ एकवटून चेंडू फेकतो, आणि आपल्या गोलंदाजाला सहा चेंडूंनंतर जो श्वास मिळतो तो त्यास मिळत नाही. प्रतिपक्षाचे तीन गडी बाद होईपर्यंत तोच फेकीत राहतो. फेकताना कोपराच्या आतील बाजूस जी जबर ओढ बसते, ती त्या ठिकाणच्या कंडरा व अस्थिबंध यांच्या द्वारा मुलाच्या कोवळ्या कूर्चेवर जाऊन आदळते.

१९६० साली ब्रॉग्डन व क्रो या दोघांनी क्ष-किरणांच्या नियतकालिकात ‘लिटल लीगरचे कोपर’ या विकारास नाव दिले. १९६५ साली कॅलिफोर्नियातील जोएल ॲडम्स यांनी ९ ते १४ वर्षांच्या १६२ मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत ८० पिचर होते, ४७ मुले इतर जागी खेळणारी होती आणि ३५ मुले संघटित बेसबॉल न खेळणारी होती. ८० च्या ८० पिचरांच्या कोपरात क्ष-किरणांनी कमीअधिक फरक दाखविले. फेकीच्या डावांवर मर्यादा घालावी, चेंडू वळविण्याची फेक या वयात बंद करावी, असे ॲडम्स यांनी सुचविले.

एका बाजूचा पुरावा इतका सबळ झाला की दुसरी बाजू उभी राहतेच. १९७६ साली टेक्सासमधील ह्यूस्टन येथील ५९५ आणि ऑरेगॉनमधील यूजीन येथील १२० बालपिचरांच्या तपासण्या प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांत परिस्थिती ॲडम्स म्हणतात तितकी गंभीर आढळली नाही. दोन्ही साक्षी प्रामाणिक होत्या. क्ष-किरणात फरक दिसणे व मुलगा जायबंदी होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या दुसऱ्या साक्षीने दाखविले. परंतु व्यवहारात परिणाम असा झाला की, काळजीचे कारण नाही असे समजावयास ज्यांना हवेच होते, त्यांना आधार सापडला.

मर्यादा मुळीच नव्हती असे नाही. मुलाने आठवड्यात किती डाव फेकावे, याचा नियम लिटल लीगने केलेला होता. दोष होता तो मापात. एक डाव तीन फेकींतही संपू शकतो आणि चाळीस फेकी होऊनही चालू राहू शकतो. वकिलाच्या दृष्टीने पाहता हा नियम म्हणजे ओझ्याचे वजन न करता पोत्यांची संख्या मोजण्यासारखा होता. पोती सहाच, पण कशात कापूस आणि कशात लोखंड, हे विचारावयाचे नाही.

इतक्यात वैद्यकाने एक चमत्कार केला, आणि त्याने प्रश्न सोपा होण्याऐवजी अवघड झाला. २५ सप्टेंबर १९७४ या दिवशी डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिसच्या संघातील टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या कोपरातील फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच उजव्या हाताच्या मनगटाकडील एक कंडरा काढून बसविली. यशाची आशा शंभरात एक, असे त्यांनी आधी सांगितले होते. टॉमी जॉन १९७६ साली पुन्हा मैदानात उतरला, १९८९ पर्यंत खेळला आणि एकंदर २८८ सामन्यांतील विजय त्याच्या नावे लागले. त्यांतील १६४ शस्त्रक्रियेनंतरचे. शल्यविद्येचा हा विजय निर्विवाद आहे. परंतु प्रौढ व्यावसायिकासाठी शोधलेला हा उपाय हळूहळू मुलांपर्यंत उतरला. अमेरिकेत २००७ ते २०११ या काळात ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली, त्यांत निम्म्याहून अधिक रुग्ण १५ ते १९ वर्षांचे होते. तिने फेकीचा वेग वाढतो, म्हणून निरोगी हातावरही ती करून घ्यावी, असा समज काही खेळाडूंत व पालकांत पसरल्याचे पाहणीत दिसून आले. मोडलेले जोडता येते हे कळले की, मोडू नये याची निकड माणसास वाटेनाशी होते.

अखेरीस काम पुढे सरकले ते साध्या मोजणीने. अलाबामा राज्यात संशोधकांनी ९ ते १४ वर्षांच्या ४७६ पिचरांच्या एका हंगामातील फेकी मोजविल्या. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: फेकी वाढतात तशी हाताची वेदना वाढते. २००६ साली शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या ९५ कुमार पिचरांची, दुखापत न झालेल्या ४५ जणांशी तुलना प्रसिद्ध झाली. वर्षात आठ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धेत फेकणाऱ्यांना धोका पाचपट होता. आणि हात थकलेला असतानाही नेहमी फेकीत राहणाऱ्यांना तो छत्तीस पट होता. हा शेवटचा आकडा वाचताना मला ओसरीवरचे ते वाक्य पुन्हा ऐकू आले. थकल्याचे ज्याने सांगावयाचे, तो सांगत नाही. म्हणून त्याच्या सांगण्यावर अवलंबून नसलेला नियम हवा.

२००७ च्या हंगामापासून लिटल लीगने असा नियम केला. डावांऐवजी फेकी मोजावयाच्या. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ७५, अकरा-बारा वर्षांच्याने ८५, तेरा ते सोळाच्याने ९५ आणि सतरा-अठराच्याने १०५ फेकी केल्या की त्यास थांबविलेच पाहिजे. आणि जितक्या फेकी झाल्या, त्या मानाने पुढील विश्रांतीचे दिवसही ठरलेले. सामना रंगात आला आहे, मुलगा ‘अजून फेकतो’ म्हणतो आहे, या सबबी चालत नाहीत. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानेही आपल्या तरुण वेगवान गोलंदाजांसाठी एका दमात व एका दिवसात टाकावयाच्या षटकांची वयानुसार मर्यादा आखली आहे; तेथे काळजी मुख्यतः पाठीच्या हाडाची असली, तरी तत्त्व तेच.

विश्रांतीचे दिवस हे लाड नव्हेत, हेही आता कळले आहे. कंडरेतील तंतूंची घडण फार सावकाश चालते. जोराच्या व्यायामानंतर सुमारे एक ते दीड दिवस तेथे झीज अधिक व भर कमी असते. त्यानंतर पारडे फिरते आणि कंडरा पूर्वीहून बळकट होऊ लागते. झिजेच्या वेळीच पुन्हा ओढ दिली तर भर घालण्याची पाळी कधी येतच नाही. बराच काळ या दुखण्यास दाह समजून दाहशामक औषधे देण्यात येत असत. परंतु १९७६ साली पुडू या इटालियन शल्यवैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी टाचेच्या कंडरेच्या बाबतीत दाखविले की पुष्कळदा तेथे दाहापेक्षा तंतूंची झीज असते. झिजेवर मात्रा एकच: योग्य प्रमाणात काम आणि योग्य प्रमाणात विसावा.

हे वाचून आपल्याकडील वाचकास सुश्रुताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. व्यायाम आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंतच करावा, असा त्याचा दंडक आहे. आणि ते अर्धे ओळखावयाची खूण म्हणजे श्वास तोंडाने वाहू लागणे. वाग्भटाने व्यायाम वर्ज्य करण्यास सांगितलेल्यांत बालकाचा स्पष्ट समावेश केला आहे, आणि अतिव्यायाम करणाऱ्यास हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सारे पूर्वीच आपल्या ग्रंथांत होते, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. वाढीची कूर्चा त्यांनी पाहिलेली नव्हती आणि क्ष-किरण त्यांच्यापाशी नव्हते. तथापि मर्यादा डोळ्यांना दिसेल अशा खुणेने बांधावी, खेळणाऱ्याच्या हौसेवर सोडू नये, हा विवेक त्यांच्यापाशी होता. तो ग्रंथात राहिला आणि मैदानावर ‘दुखल्यावाचून गोलंदाज होत नाही’ हे वचन राहिले, ही चूक ग्रंथकारांची नव्हे.

एक पळवाट मात्र नियमांनाही पुरून उरते. अमेरिकेत असे आढळले की मुलगा एका संघात मर्यादा पाळतो आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या संघातर्फे पुन्हा फेकतो; प्रत्येक शिक्षक आपापल्या हिशेबाने निर्दोष असतो. आमच्या कायद्याला ही युक्ती जुनी आहे. १९४८ चा कारखाना-अधिनियम लिहिणाऱ्यांनी बालकाच्या कामाचे तास बांधून दिले, आणि तेवढ्यावर न थांबता असेही लिहिले की एका कारखान्यात काम केलेल्या बालकास त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात कामावर घेता कामा नये. आणि अशी दुहेरी चाकरी करू देणाऱ्या आईबापांसही दंड ठेवला. दोन मालकांच्या हिशेबांची बेरीज मालक करीत नाहीत. ती घरच्यांनीच करावयाची असते.

भाच्याची हकिकत थोडक्यात संपवितो. तो शाळेकडून, गावच्या संघाकडून आणि सुटीतील शिबिरात, असा तीन ठिकाणी चेंडू टाकीत होता. दुखणे वाढण्यापूर्वीच्या एका आठवड्याची आम्ही त्याच्याकडून आठवून आठवून बेरीज केली, ती चारशेच्या वर गेली. तिन्ही शिक्षकांना विचारले. प्रत्येकाने आपला आकडा सांगितला, आणि तो एकेकटा मुळीच अवाजवी नव्हता. डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद केला नाही. वाढ पुरी होऊन कूर्चेचे हाड बनले की बहुतेक मुलांत हे दुखणे आपोआप मिटते, फार तर उंचवटा तेवढा राहतो, असे त्यांनी सांगितले. काही आठवडे गोलंदाजी थांबवून मांडीचे व्यायाम दिले, आणि पुढे चेंडूंची संख्या बांधून दिली.

बहिणीने एक शंभर पानी वही केली आहे. तीत तीन रकाने आहेत आणि चौथा बेरजेचा. आरंभी ती स्वतः लिहीत असे. आता मुलगाच लिहितो. मागल्या महिन्यात मी गेलो असता वही पाहावयास मागितली. ती देताना तो घुटमळला आणि म्हणाला, ‘मामा, काल आठ चेंडू जास्त झाले. लिहिले आहेत.’